उन्हात धुतलेल्या गाडीवर पांढरे डाग: दर आठवड्याला तेच का होतं?

तक्रार ठरलेली असते. रविवारी सकाळी गाडी मन लावून धुतली, शांपू चांगला, फडकं नवं, आणि अकरा वाजता बघावं तर बॉनेटवर, छतावर, आरशांखाली पांढरे गोल ठिपके. पाणी मारलं की गायब, वाळलं की पुन्हा हजर. कोरड्या फडक्याने घासले की नुसते धुरकट होतात. गाडी काळी, गडद निळी किंवा लाल असेल तर तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतूनही दिसतात. पांढऱ्या आणि चंदेरी गाडीच्या मालकांना मात्र वर्षभर पत्ता लागत नाही, आणि मग एखाद्या रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्यांखाली सगळं एकदम उघडं पडतं.

मग सुरू होते बदलाबदली. आधी शांपू बदलायचा, मग फडकं, मग कोणीतरी सांगतं म्हणून वॅक्स. पुढच्या रविवारी ठिपके तिथेच.

माझं मत आधी सांगून टाकतो. या प्रकरणात उन्हाला आपण जरा जास्तच शिव्या देतो. डाग पाण्यातून येतो. ऊन एवढंच करतं की तुम्हाला पुसायला वेळ देत नाही. म्हणून शोध घ्यायचा तो आधी पाण्याचा, मग वेळेचा, मग पुसण्याच्या पद्धतीचा, आणि सगळ्यात शेवटी शांपूचा. बहुतेक लोक नेमके उलटे जातात.

डाग म्हणजे नेमकं काय

पावसाचं पाणी जमिनीत मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड सोबत घेतं आणि किंचित आम्लधर्मी होतं. खालचा काळा पाषाण, काळ्या मातीतली चुनखडी यातून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्यात विरघळतं. बोअरवेलमधून आपण उपसतो ते हे पाणी. दिसायला काचेसारखं स्वच्छ, पण त्यातले क्षार बायकार्बोनेटच्या रूपात विरघळलेले असतात. पाणी तापलं की हे बायकार्बोनेट मोडतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे कॅल्शियम कार्बोनेट उरतं, म्हणजे चुन्याचाच एक भाऊ. गीझरच्या कॉइलवर चढतो तो पांढरा थर हाच.

आणि इथे उन्हाचा खरा हात दिसतो. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, पण कॅल्शियम कार्बोनेटचं उलट आहे: पाणी जितकं गरम, तितकं ते कमी विरघळतं. ३५ अंशांच्या दिवशी उभ्या असलेल्या काळ्या गाडीचं बॉनेट ६५-७० अंशांपर्यंत सहज जातं. अशा पत्र्यावर थेंब पडला की तो दोन्हीकडून मार खातो, वाफही लवकर होते आणि क्षारही लवकर बाहेर पडतात. सावलीत दहा मिनिटं टिकणारा थेंब तिथे मिनिटभरही टिकत नाही.

किती क्षार? हिशेब सोपा आहे. पाण्याचा टीडीएस, म्हणजे एका लिटरमध्ये विरघळलेले एकूण क्षार मिलिग्रॅममध्ये, १००० असेल तर एका लिटरमध्ये साधारण १ ग्रॅम क्षार. धुऊन झाल्यावर अर्धा कप, म्हणजे १०० मिलिलिटर पाणी जरी गाडीवर वाळलं तरी साधारण १०० मिलिग्रॅम पूड तुम्ही स्वतःच्या हाताने पसरवलीत. तीही सारखी नाही, शेकडो ठिपक्यांमध्ये वाटून.

एक गैरसमज इथेच बाजूला करू. ‘थेंब भिंगासारखं काम करतो आणि ऊन एका बिंदूत गोळा होऊन रंग जळतो’ असं सर्रास सांगितलं जातं. पत्र्यावर बसलेला थेंब अर्धगोल किंवा त्याहून चपटा असतो. पाण्याच्या अशा घुमटातून जाणारे किरण एकत्र येतात ते घुमटाच्या माथ्यापासून त्रिज्येच्या सुमारे चौपट अंतरावर, म्हणजे पत्र्याच्या बऱ्याच खाली. रंगाच्या पृष्ठभागावर तो बिंदू पडतच नाही. रंग खराब होतो तो क्षारांमुळे: गरम होऊन किंचित मऊ पडलेल्या क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, क्षारांचा गोळा बसून राहतो आणि हळूहळू तिथे खड्डा करतो.

आधी पाणी तपासा, घरच्या घरी

टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो, पेनासारखा असतो. पण तो घेण्याआधीही एक चाचणी करता येते, आणि मला ती जास्त आवडते, कारण त्यात आकडा दिसत नाही, डागच दिसतो.

जुनी काळी टाइल, आरशाचा तुकडा किंवा मोबाइलवरून काढलेली जुनी काच घ्या. ड्रॉपरने वेगवेगळ्या पाण्याचा एकेक थेंब ठेवा: पार्किंगच्या नळाचं, स्वयंपाकघरातल्या नळाचं, आरओचं पिण्याचं, आरओमधून वाया जाणारं आणि एसीच्या नळीतून ठिबकणारं. गच्चीवर उन्हात ठेवा आणि पंधरा-वीस मिनिटांनी बघा.

एसीच्या थेंबाची जागा शोधावी लागते. पालिकेच्या पाण्याची एक बारीक रेघ उरते, बांगडीसारखी. बोअरच्या थेंबाची कड जाड, पांढरी, आणि आत पिठाळ धूर. कड जाड का होते तेही बघण्यासारखं आहे. थेंबाच्या कडेला पाण्याचा थर सगळ्यात पातळ, तिथून ते सगळ्यात आधी उडतं, मग मधलं पाणी कडेकडे ओढलं जातं आणि येताना क्षार घेऊन येतं. शेवटी सगळा माल कडेवर जमतो. गाडीवर दिसणारे ते गोल रिंगण यातूनच तयार होतात. कोरडं बोट फिरवलं तर बारीक पॉलिश पेपरसारखी खरखर लागते.

आता त्या रिंगणांवर साध्या पाण्याचा थेंब सोडा आणि बोटाने हलकेच चोळा. विरघळून गेलं तर ते सोडियमचे क्षार आहेत, त्रासदायक पण निघणारे. नाही गेलं तर पांढऱ्या व्हिनेगरचा थेंब सोडा. नीट बघितलं तर बारीक बुडबुडे दिसतात आणि रिंगण विरघळतं. हे कार्बोनेट. व्हिनेगरलाही दाद दिली नाही तर त्यात सिलिका, म्हणजे वाळूतलं खनिज, असण्याची शक्यता मोठी. आपल्याकडे जमिनीखाली बेसॉल्ट, म्हणजे वर सांगितलेला काळा पाषाण, असल्यामुळे बोअरच्या पाण्यात विरघळलेली सिलिका असतेच, आणि काचेवरचे जुने, न निघणारे डाग बऱ्याचदा तिचेच असतात.

मीटर घेतलात तर आकड्यांचा अर्थ असा लावा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, टीडीएसची इष्ट मर्यादा ५०० आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायचं असं आहे. म्हणजे माणसाला चालणारं पाणी गाडीला चालेलच असं नाही. माझा ठोकताळा: १०० च्या आत असेल तर उशिरा पुसलं तरी फार बिघडत नाही. २००-३०० असेल तर पुसणं लांबवू नका. ५०० च्या वर असेल तर उन्हात त्या पाण्याने शेवटचा हात मारूच नका, कितीही चपळ असलात तरी.

पाण्याबाबत ठरलेल्या चुका

पुण्यात आणि आसपासच्या बहुतेक सोसायट्यांत दोन लाइन असतात. वर घरात पालिकेचं, धरणाचं पाणी. खाली पार्किंगला, बागेला आणि फ्लशला बोअरचं. खडकवासल्याचं पाणी मुळात मऊ, म्हणजे कमी क्षारांचं. त्यामुळे अंघोळीच्या बादलीत कधी क्षार न दिसणारा माणूस पार्किंगमधल्या नळाने गाडी धुतो आणि चक्रावतो. त्याच शहरात टँकरवर चालणाऱ्या भागात तर आज एका विहिरीचं, उद्या दुसऱ्या बोअरचं. एका आठवड्यात डाग पडले नाहीत आणि पुढच्या आठवड्यात पडले, याचं कारण बहुतेक वेळा टँकर बदललेला असतो. मराठवाड्यात उन्हाळ्यात बोअरची पातळी खाली गेली की पाणी आणखी जड होतं, त्यामुळे मेमध्ये डाग जास्त का, याचं सगळं उत्तर उन्हात शोधू नका. कोकणात आणि गोव्यात जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी बहुतेक ठिकाणी मऊ असतं; तिकडचे लोक हा लेख वाचून हसतील. अपवाद खाडीकाठच्या विहिरींचा, उन्हाळ्यात त्या मचूळ होतात आणि तेव्हा तेही आमच्या रांगेत येतात.

दुसरी चूक फार सज्जन लोक करतात. आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत साठवून त्याने गाडी धुणं. पाणी वाचवण्याचा हेतू शंभर टक्के योग्य, जागा चुकीची. आरओ क्षार नष्ट करत नाही, ते फक्त गोळा करून त्या नळीतून बाहेर टाकतो. आत येणारं पाणी ४०० टीडीएसचं असेल तर बाहेर पडणारं ५००-६०० च्या घरात जातं. त्या पाण्याने फरशी पुसा, संडास धुवा, गाडीची चाकं आणि मडगार्डच्या आतली माती काढा. रंगाला लावू नका.

सॉफ्टनर बसवलेल्या सोसायट्यांतून वेगळी तक्रार येते: ‘लाखो रुपये घातले, तरी डाग पडतातच, मीटरही तोच आकडा दाखवतो.’ मीटर बरोबर आहे. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्यांच्या जागी सोडियम सोडतो, एकूण क्षार तेवढेच राहतात. फरक हा की आता पडणारे डाग ओल्या फडक्याने निघतात. निघत नसतील तर सॉफ्टनरमध्ये मीठ घालून रेझिन (कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवणारे आतले दाणे) ताजं करण्याचं काम कोणीतरी विसरलं आहे. कमिटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गाडीचा फोटो टाकण्यापेक्षा वर सांगितलेली व्हिनेगरची चाचणी करून तिचा फोटो टाका, वाद लवकर मिटतो.

मग चांगलं पाणी कुठलं? उत्तर बहुतेकांच्या बाल्कनीत ठिबकत असतं. एसीच्या नळीतून येणारं पाणी म्हणजे हवेतल्या बाष्पाचं पाणी, त्यात क्षार जवळजवळ नसतात. मीटर लावलात तर बहुतेकदा ५० च्या आतच राहतो. दमट हवेत एका एसीतून तासाला लिटरभर सहज मिळतं. पुण्या-नागपूरच्या कोरड्या एप्रिलमध्ये तेवढं नाही, पण रात्रभरात दोन-तीन बाटल्या भरतात. मोसमातलं पहिलं पाणी आणि एसीची सर्व्हिसिंग झाल्यावरचं पाणी फेकून द्या, त्यात कॉइलवरची धूळ आणि क्लीनर असतो. (हेच पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला सांगणारे काही महाभाग आहेत. घालू नका, बॅटरीला डिस्टिल्ड वॉटरच लागतं.) एसी नसेल तर बॅटरीच्या दुकानात मिळणारा डिस्टिल्ड वॉटरचा पाच लिटरचा कॅन घ्या. पूर्ण गाडी त्याने धुवायची नाही, फक्त शेवटचा हात मारायचा. झाडांवर फवारणीचा दोन लिटरचा हातपंप मिळतो, त्यात भरून फवारलं तर एका हॅचबॅकला दीड-दोन लिटर पुरतं.

उन्हातच धुवायची वेळ आली तर

सगळ्यात उत्तम वेळ म्हणजे सकाळी ऊन अंगणात उतरायच्या आधीची, हे सगळ्यांना ठाऊक आहे. प्रश्न असा की प्रत्येकाला ते जमत नाही. उघडं पार्किंग, नळाला पाणी सकाळी आठ ते दहा. दसऱ्याला तर सगळ्या गल्लीला एकाच सकाळी गाडी धुवायची असते, ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर, आत झेंडूचे हार ताटकळत, आणि आई दारातून विचारत असते, ‘अरे, झालं का नाही अजून?’ अशा वेळी सावलीत धुवा हा सल्ला काही कामाचा नाही.

इमारतीची सावली मिळत असेल तर अर्धी गाडीही चालेल. ती बाजू आधी धुवा, गाडी फिरवा, मग दुसरी. झाडाची सावली बघून घ्या, आंब्याखाली उन्हाळ्यात चिकटा पडतो आणि वडाखाली काय पडतं ते सांगायला नको.

गाडी नुकतीच बाहेरून आली असेल तर बॉनेट इंजिनाच्या उष्णतेनेही तापलेलं असतं. अर्धा तास थांबा. मग हाताची मागची बाजू पत्र्यावर पाच सेकंद ठेवा. ठेववत नसेल तर अजून शांपूची वेळ झालेली नाही. नुसतं पाणी मारून आधी पत्रा गार करा, विशेषतः छत आणि बॉनेट. पुढच्या काचेला कुठे खडा लागून टवका उडाला असेल तर तापलेल्या काचेवर एकदम गार पाणी ओतू नका, चीर धावू शकते. ब्रेकच्या तापलेल्या डिस्कवरही नाही.

चाकं आधी. शेवटी घेतली तर चाकं घासेपर्यंत वर अंगावरचं पाणी वाळून बसतं, आणि चाकांचं उडालेलं घाण पाणी दरवाज्यांवर येतं ते वेगळंच.

मग गाडीचे तुकडे पाडा. सगळी गाडी एकदम साबणाने माखायची, मग निवांत धुवायची, ही सावलीतली चैन आहे. उन्हात अर्धं छत घ्या: शांपू, पाणी, लगेच पुसणं. मग दुसरं अर्धं. मग बॉनेट, तेही दोन भागांत. मग एकेक दरवाजा. शेजारचा भाग वाळायला लागला तर त्यावर पाण्याचा हात फिरवत राहा. ओला असेपर्यंत काही बिघडत नाही, वाळू द्यायचं नाही. जोडीला कोणी असेल तर एकाने धुवायचं आणि दुसऱ्याने फक्त पुसायचं. घरातल्या शाळकरी पोराला पाइप द्या, पुसण्याचं काम तुमच्याकडे ठेवा, उलटं नको.

फोम गनचा जाड फेस उन्हात मारू नका. छान दिसतो, व्हिडिओ चांगला येतो, पण तो पाच मिनिटं ठेवायचा असतो आणि उन्हात तेवढ्यात कडेने वाळून त्याचेच ओघळ उमटतात. शांपू नेहमीपेक्षा जरा पातळ ठेवा. कपड्यांची पावडर तर नकोच, तिच्यातले सोड्याचे क्षार पाण्यातल्या क्षारांत भर घालतात.

शेवटचं पाणी मारताना पाइपचं तोंड दाबून फवारा उडवू नका. नोझल काढा, पाइप छताच्या मधोमध धरा आणि पाणी संथ वाहू द्या. वाहत्या पाण्याची चादर खाली घसरताना सुटे थेंब सोबत घेऊन जाते आणि पत्र्यावर खूपच कमी पाणी उरतं. फवाऱ्याने नेमकं उलट होतं, हजारो बारीक थेंब पसरतात. मग एसीच्या पाण्याची फवारणी आणि लगेच पुसणं. बोअरचा उरलासुरला अंश त्यात पातळ होतो आणि एखादा थेंब राहिलाच तरी मागे फार काही सोडत नाही.

पुसायला मोठा, जाड मायक्रोफायबर टॉवेल. पसरवायचा, हाताने दाबायचा, उचलायचा. खरवडल्यासारखा ओढायचा नाही. एक टॉवेल संपूर्ण गाडीला पुरत नाही, दुसरा खांद्यावर असू द्या. जुना बनियन, साडीचा तुकडा, पिवळं फडकं यांनी पाणी टिपलं जात नाही, फक्त फिरवलं जातं, आणि त्या फिरवलेल्या पाण्याचेच पट्टे उमटतात.

एवढं करूनही दहा मिनिटांनी आरशांच्या खाली, हँडलच्या खाली, नंबर प्लेटच्या वर आणि मागच्या दिव्यांच्या कडेने ओघळ येतात. ते पाणी फटीत लपलेलं असतं. दारं, डिकी, पेट्रोलचं झाकण उघडून आतल्या कडा पुसा. मग गाडी पार्किंगमध्येच एक चक्कर मारा, दोनदा ब्रेक दाबा, आणि टॉवेल घेऊन पुन्हा एकदा फिरा. तीन मिनिटांचं काम आहे आणि निम्मे डाग याच ठिकाणी पडतात.

उन्हात दर आठवड्याला धुवावंच लागत असेल तर मी सरळ रिन्सलेस वॉशकडे वळा म्हणेन. बाटलीवर सांगितलेल्या मापाने बादलीभर पाण्यात द्रव घालायचा, पाच-सहा मायक्रोफायबर त्यात भिजवायचे, एकेक कापडाने एकेक भाग पुसून लगेच कोरडा करायचा. नंतर पाणी मारायचं नसतंच. बादली आरओच्या चांगल्या पाण्याची किंवा एसीच्या पाण्याची घेतली तर डागांचा प्रश्नच संपतो. चिखलाने माखलेल्या गाडीला हे नाही, आधी माती पाण्याने काढावी लागते. पण शहरातल्या धुळीला पुरेसं आहे, आणि टंचाईच्या दिवसांत पाइप लावून गाडी धुताना शेजारचे ज्या नजरेने बघतात तीही वाचते.

पडलेले डाग काढायचे कसे

आधी एक नियम: हे काम उन्हात करायचं नाही. गार पत्रा, सावली, आणि कोपऱ्यातल्या एका ठिपक्यावर आधी प्रयोग.

आजचे-कालचे डाग शांपूने धुऊन बऱ्याचदा जातात. गेले नाहीत तर पांढरं व्हिनेगर आणि एसीचं किंवा डिस्टिल्ड पाणी समसमान घ्या. कापड त्यात भिजवून डागांवर नुसतं अंथरा, एक-दोन मिनिटं. घासू नका, आम्लाला त्याचं काम करू द्या. वाळायच्या आत उचला, भरपूर पाण्याने धुवा, त्यावर शांपूचा हात मारा. व्हिनेगर नसेल तर लिंबूसत्त्व चालतं, लिटरभर पाण्यात दोन छोटे चमचे. ताजं लिंबू थेट चोळू नका, रसातली साखर आणि गर वेगळा चिकटपणा करतात. क्रोम पट्ट्या आणि ॲल्युमिनियमच्या भागांपासून हे मिश्रण लांब ठेवा.

बाथरूमची फरशी साफ करायचं ॲसिड कोणी सुचवलं तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. डाग जाईल, सोबत क्रोमची चमकही जाईल, आणि फटीत राहिलं तर पत्र्याला गंज धरेल. डिझेलचं फडकं मारण्याची गॅरेजमधली जुनी युक्ती वेगळी: तिने डाग जात नाही, तेलकट थराखाली दोन दिवस लपतो आणि त्यावर धूळ चिकटते.

आम्लानेही न जाणारा, बोटाला खरखर न लागणारा, तिरक्या प्रकाशात बारीक खळगा दिसणारा डाग म्हणजे क्षार गेले पण क्लिअर कोटमध्ये खूण राहिली. आता साफसफाई संपली, पॉलिशिंग सुरू झालं. क्लिअर कोट साधारण ४०-५० मायक्रॉनचा असतो, केसापेक्षा पातळ. पॉलिश म्हणजे त्यातलाच थोडा भाग खरवडून खळग्याच्या पातळीला आणणं. म्हणून दर सहा महिन्यांनी ‘डाग काढून देतो’ म्हणून मशीन फिरवून घेणं हा इलाज नाही. खोल गेलेले चार-दोन डाग तसेच राहू द्यावेत, गाडी वापरायची वस्तू आहे.

काचेचं थोडं निराळं. तिथे आधी व्हिनेगर, आणि सिलिकाचा हट्टी थर असेल तर सिरियम ऑक्साइडचं काचेचं पॉलिश. वायपर फिरताना करकरत असेल तर बऱ्याचदा हाच थर कारण असतो. रबर बदलण्याआधी काच साफ करून बघा.

‘कोटिंग केलंय, तरी डाग?’

केलंय म्हणूनच जास्त ठळक दिसतात. सिरॅमिक कोटिंगवर पाणी पसरत नाही, टपोरे थेंब होऊन बसतं. पाणी घरंगळून गेलं तर उत्तम. सपाट बॉनेटवर मात्र ते बसून राहतं आणि प्रत्येक थेंबातले सगळे क्षार एका छोट्या जागेत गोळा होतात. कोटिंगचा फायदा हा की डाग रंगापर्यंत पोचायला वेळ लागतो आणि लवकर हात फिरवला तर सहज निघतो. ‘आता धुऊन पुसायची गरज नाही’ असं विकताना कोणी म्हणालं असेल तर ते विक्रीचं बोलणं होतं. वॅक्सलाही हेच लागू.

आणि ऊन नसतानाही डाग पडत असतील तर

दोन प्रकार हमखास भेटतात. पहिला, सोसायटीत पहाटे गाड्या पुसणारे दादा. एका बादलीत तीस-चाळीस गाड्या, पाणी अर्थात बोअरचं, फडकं ओलं फिरवून पुढच्या गाडीकडे. त्यांची चूक नाही, तेवढ्या पैशात आणि वेळात तेवढंच होतं. पण तो ओला हात कोणी कोरडा करत नाही, आणि सात वाजता ऊन येतं. त्यांना सांगा, ‘दादा, माझी गाडी ओली नका पुसू, नुसती झटका. चाकं आणि पायाचे मॅट तेवढे करा.’ शक्य असेल तर आपलं स्वतःचं मायक्रोफायबर आणि एसीच्या पाण्याची एक बाटली त्यांच्याकडे देऊन ठेवा. पगार तोच ठेवायचा, हे वेगळं सांगायला नको.

दुसरा, बेसमेंटमध्ये गाडी लावणारे. छतावर किंवा बॉनेटवर एकाच ओळीत, एकाच जागी, जाड पांढरे ओघळ. हे धुण्याचे डागच नव्हेत. वरच्या स्लॅबमधून झिरपणारं पाणी सिमेंटमधला चुना घेऊन खाली ठिबकतं. ते बोअरच्या पाण्यापेक्षा कितीतरी तीव्र अल्कधर्मी असतं आणि ऊन नसतानाही क्लिअर कोट खातं. दिसल्या दिवशीच भरपूर पाण्याने धुवा, मग व्हिनेगर, गरज पडली तर दोन-तीन वेळा. वर मान करून बघा: स्लॅबच्या सांध्यात पांढरी लोंबती दिसली की खात्री पटली. गळती बंद होईपर्यंत तिथे पत्र्याची पन्हळ लावून घ्यायला कमिटीकडे लेखी अर्ज द्या, आणि तोवर गाडी हातभर सरकवून लावा.